विमानावरचा लाल ठिपका

गेल्या जानेवारीत आठवीच्या वर्गात प्रजासत्ताक दिनाच्या भाषणांची तयारी चालली होती. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, परेड में जो विमान उडते, उसमें कभी अपना कोई था क्या?"

मी मराठवाड्यातल्या एका उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. 'अपना' या शब्दातून त्याला काय म्हणायचे होते ते मला लगेच कळले. मी उत्साहाने सांगितले, "होता म्हणजे काय! १९५० च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीवरून जी विमाने गेली, त्यांचे नेतृत्वच हैदराबादच्या इद्रिस हसन लतीफ यांनी केले होते. पुढे ते वायुदलप्रमुख झाले आणि आपल्या महाराष्ट्राचे राज्यपालही." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मलाही बरे वाटले.

संध्याकाळी घरी येताना मात्र त्या टाळ्या मनात टोचू लागल्या. तेरा वर्षांच्या मुलाला 'आपले कोणी होते का' असे विचारावे का लागले? आणि मी खिशातून ओळखपत्र काढून दाखवावे तसे लतीफ साहेबांचे नाव का काढले? हा माणूस कोण होता, हे तर मी मुलांना सांगितलेच नव्हते.

घरी कपाटावर एक खोका दोन वर्षे पडून होता. पुण्यातल्या भाच्याने हौसेने घेतलेला आणि कंटाळून माझ्याकडे सोडलेला, 'हॉकर हरिकेन' या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा संच. प्रमाण एकास बहात्तर. बी.एड.ला असताना 'कृतीतून शिक्षण' यावर हमखास प्रश्न यायचा. उत्तर पाठ करून मी चांगले गुण मिळवले होते. ते खरोखर करून बघायची वेळ वीस वर्षांनी आली. पुढचे चार रविवार मी, तो मुलगा आणि त्याचे चार सवंगडी आमच्या ओसरीवर बसलो.

खोका उघडला की आधी निराशाच होते. विमान कुठेच दिसत नाही. करड्या प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना काड्यांनी जोडलेले शंभरेक तुकडे. ओढून तोडायचे नाहीत, कटरने कापायचे. टोक राहिले तर बारीक पॉलिश पेपरने घासायचे. गणित मुलांनीच केले. खऱ्या हरिकेनचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळीस फूट, म्हणजे सुमारे १२.२ मीटर. आमच्या विमानाचे सतरा सेंटिमीटर. पावणेसहा फुटी माणूस या प्रमाणात जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. कॉकपिटमध्ये बसवायचा वैमानिक तर त्याहून लहान, बसलेला. त्याला चेहरा असा नव्हताच.

विमानाचा मागचा भाग हातात घेतल्यावर एकाने विचारले, "सर, इथे या उभ्या रेघा का?" त्या रेघांत हरिकेनचा इतिहास आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले हे विमान प्रथम उडाले ६ नोव्हेंबर १९३५ रोजी. ते जुन्या आणि नव्या काळाच्या मध्ये अडकलेले होते. इंजिन नव्या जमान्याचे, चाके पोटात जाणारी. पण धडाचा मागचा भाग मात्र नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेल्या कापडाचा. कापडाखालच्या पट्ट्या वर उमटतात, त्याच या रेघा. त्या काळी अनेकांना हे मागासलेले वाटले, पण गोळी कापडातून आरपार गेली तर ठिगळ लावून विमान पुन्हा उडवता येई. दूरच्या आघाड्यांवर, जिथे ना कारखाना ना सुटे भाग, तिथे हे फार उपयोगी पडले. अशी १४ हजारांहून अधिक विमाने बनली.

त्यातली काही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिंदी वैमानिकांच्या हाती आली. १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळपर्यंत पोचल्या, तेव्हा तिथे हिंदी वायुदलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन उडवत होती. तिचे प्रमुख होते अर्जन सिंग. हैदराबादचा एक तरुणही याच मोहिमेत हरिकेन उडवत होता. इद्रिस हसन लतीफ यांचा जन्म १९२३ चा, शिक्षण निजाम कॉलेजात. १९४२ मध्ये ते वायुदलात अधिकारी झाले. सुरुवातीला कराचीहून जुनाट विमानांतून अरबी समुद्रावर गस्त घालत. मग इंग्लंडला जाऊन हरिकेन आणि स्पिटफायर शिकले आणि परत येऊन ब्रह्मदेशाच्या लढाईत उतरले. तेव्हा वय असेल एकवीस-बावीस.

तिसऱ्या रविवारी रंग झाला आणि खूण लावायची वेळ आली. पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवायचे ते पातळ स्टिकर. खोक्यातले स्टिकर युरोपच्या आघाडीचे होते. ब्रिटिश वायुदलाचे वर्तुळ, मधोमध लाल ठिपका. ते तसेच लावले असते तर आमचे विमान खोटे ठरले असते. ब्रह्मदेशात हा लाल ठिपका ठेवत नसत, कारण जपानी विमानांची खूणच लाल गोळा होती. धावपळीत, ढगांत, हजार फुटांवरून एवढेच दिसते की पंखावर काहीतरी लाल आहे. आपल्याच माणसाने आपल्याच विमानावर गोळी झाडावी, याला तेवढे पुरते. म्हणून या भागातल्या विमानांवरचा लाल रंग पुसला गेला. आधी काही ठिकाणी त्यावर पांढरा फासला, मग गडद निळ्यात फिकट निळा अशी नवी खूण ठरली.

बारीक ब्रश घेऊन मुलांनी लाल ठिपक्यावर फिकट निळा रंग भरला. आघाडीवरच्या तंत्रज्ञांनी केले तेच काम, बहात्तर पटींनी लहान. एकजण रंगवता रंगवता म्हणाला, "म्हणजे सर, खूण बघून आपला की परका ते कळतच नव्हतं."

मला वाटते, त्या महिन्यातला माझा धडा तिथेच झाला. त्या आघाडीवर खूण बघून खरोखरच काही कळत नव्हते. लतीफ इंग्रजांच्या राजाचे विमान उडवत होते. समोरच्या बाजूला, जपान्यांच्या जोडीने, आझाद हिंद फौज होती. त्या फौजेत शाहनवाज खान होते, आणि हैदराबादचेच आबिद हसन होते. 'जय हिंद' या घोषणेचे श्रेय ज्यांना दिले जाते, नेताजींसोबत पाणबुडीतून ज्यांनी प्रवास केला, तेच हे आबिद हसन. एकाच शहराचे दोन मुसलमान एका लढाईच्या दोन बाजूंना, आणि दोघेही पुढे स्वतंत्र भारताच्या सेवेत. एक वायुदलात, दुसरे परराष्ट्र सेवेत.

तिसरी गोष्ट आणखी गुंत्याची. त्याच आकाशात ब्रिटिश वायुदलाची १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत होती. तिचे नावच 'हैदराबाद' होते, कारण तिच्यासाठी निजामाने देणगी दिली होती. तिच्या चिन्हावर निजामाची दस्तार कोरलेली होती आणि ब्रीदवाक्याचा अर्थ होता 'विश्वासू मित्र'. निजामाचा खजिना मराठवाड्याच्या शेतसाऱ्यानेही भरत होता. म्हणजे ज्या कुणब्याने, ज्या मोमिनाने आयुष्यात विमान पाहिले नाही, त्याच्याही घामाचे दोन पैसे त्या स्पिटफायरमध्ये होते. त्याला कोणी विचारले नव्हते.

लतीफ यांना मात्र विचारले गेले. १९४७ मध्ये फाळणीबरोबर वायुदलाचीही वाटणी झाली. विमाने, स्क्वाड्रन, सुटे भाग, सगळ्यांची. मुस्लिम अधिकाऱ्यांना निवड करायची होती. पाकिस्तानात गेलेल्या असगर खान आणि नूर खान या सहकाऱ्यांनी फोन करून बोलावले. लतीफ यांनी स्पष्ट सांगितले की धर्म आणि देश या त्यांच्या दृष्टीने एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी नाहीत. ते इथेच राहिले. फोन करणारे दोघेही पुढे पाकिस्तानी वायुदलाचे प्रमुख झाले. १९६५ च्या युद्धात ती जबाबदारी नूर खान यांच्याकडे होती. तिकडे गेले असते तर लतीफ यांचेही काही वाईट झाले नसते, एवढे यावरून दिसते. नाईलाजाने मागे राहिलेला हा माणूस नव्हता.

आमच्या मराठवाड्यात ही गोष्ट इतक्यावर संपवता येत नाही. लतीफ यांच्या स्क्वाड्रनने १९५० मध्ये दिल्लीवरून नेलेली विमाने टेम्पेस्ट होती, हरिकेनच्याच घराण्यातली. त्याच जातीची विमाने सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईत आमच्या भागावर आली होती. माझी दादी 'ट्यारे' म्हणायची. भांडी घासता घासता वर पाहिले आणि लेकरे उचलून ज्वारीत शिरलो, एवढेच ती सांगायची. आधी रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आणि नंतर सामान्य मुसलमानांचे झालेले हालही खरे. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात आणि नंतर मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजार सांगितला, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडचे नाव घेतले. दादीच्या आठवणीत टेम्पेस्ट म्हणजे भीती. माझ्या पुस्तकात टेम्पेस्ट म्हणजे प्रजासत्ताकाचे पहिले हवाई संचलन. मुलांना यातले एकच सांगावे, असे मला अनेकदा वाटले. या वेळी दोन्ही सांगितले. ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाने विचारले, "दादी तरी इथेच का राहिल्या, सर?" मी म्हणालो, "घर इथे होते म्हणून." तिला फोन करणारे कोणी नव्हते, पण निवड तिनेही केली होती.

पुढचे थोडक्यात. १ सप्टेंबर १९७८ रोजी लतीफ वायुदलप्रमुख झाले आणि १९८१ पर्यंत त्या पदावर राहिले. जग्वार विमाने त्यांच्याच काळात दाखल झाली. १९८२ ते १९८५ ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ यांनी धारावीच्या वस्त्यांमध्ये काम केले. नंतर ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत होते. २०१८ मध्ये हैदराबादेत, जिथून निघाले होते तिथेच, त्यांचे निधन झाले.

चौथ्या रविवारी माझ्या हातून एक चूक झाली. कॉकपिटवरची पारदर्शक काच बसवताना घाईत झटपट चिकटणारा गोंद वापरला. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते, हे मला ठाऊक नव्हते. तासाभरात काच धुरकट झाली आणि आत बसवलेला तो इवलासा वैमानिक दिसेनासा झाला. मुले हळहळली. काच काढायला गेलो असतो तर विमानच मोडले असते, म्हणून ती तशीच ठेवली.

आता विमान शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे. त्याच्याखाली पाटी काय लावायची, यावर मुलांत बराच वाद झाला. दोघांचे म्हणणे होते, 'भारताचे पहिले मुस्लिम वायुदलप्रमुख' असे ठळक लिहू. ते खरेही आहे. जानेवारीत मी स्वतःच तसे लिहिले असते. पण ज्याने पहिला प्रश्न विचारला होता, तोच म्हणाला, "अर्जन सिंगच्या पाटीवर शीख लिहितात का?" कोणाकडे उत्तर नव्हते.

शेवटी त्याने सुवाच्य अक्षरात, वर उर्दूत आणि खाली मराठीत, लिहिले: 'हॉकर हरिकेन. ब्रह्मदेश आघाडी, १९४४. इद्रिस हसन लतीफ यांनी उडवले होते तसे विमान. लाल ठिपका आम्ही पुसला आहे.'

शेवटच्या वाक्याचा अर्थ पाहुणे विचारतात. तो सांगण्याचे काम मी मुलांवर सोपवले आहे.