पाटकऱ्याची सायकल आणि बैलांची वाट

भातसानगरात डोंगरी सायकल पहिल्यांदा चालवली ती पाटकऱ्यांनी, असं मी सांगितलं की दुकानात आलेली शहरातली गिऱ्हाइकं हसतात. त्यांच्या सायकलींची किंमत माझ्या घराच्या पत्र्यांहून जास्त. पण माझे वडील, आमचे दादा, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, आणि कालव्याच्या भरावावरून, मुरमातून, पाण्याने खरवडलेल्या उतारावरून ते रोज सायकलनेच जायचे. काळी, चोवीस इंची, दांडीच्या ब्रेकची. कॅरिअरला फावडं, हँडलला डबा. कुठे भराव पाझरतोय, कुठे रात्री कुणी पाट फोडलाय, हे बघत फिरायचं. उतार फारच असला की दादा कॅरिअरला करवंदीची जाड फांदी बांधून मागे फरफटत ठेवायचे. त्या सायकलचे ब्रेक भिजले की त्यांचा फक्त आवाज यायचा.

पुढे वाचलं की अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगराजवळ, काही पोरांनी १९७६ साली जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडून शर्यत लावली होती. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. माउंटन बाइकचा इतिहास तिथून सुरू झाला असं मानतात, आणि १९९६ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्येही गेला. सायकलचा इतिहास त्यांचा खरा. वाटांचा मात्र आमच्याकडे फार जुना आहे, आणि माझा विषय वाटांचाच आहे.

शहापूर-मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. आजोबा, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट, माळशेज. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर आणि पुढे पैठण. या दोन टोकांमध्ये माल हलायचा तो आमच्या गावांवरून. नाणेघाटाच्या माथ्यावर, खिंडीच्या तोंडाशीच, सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख असलेली गुहा आहे. त्यात यज्ञांची आणि दानाची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांत. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांत ते आकडे धरतात. आतल्या मूर्ती गेल्या, डोक्यावरची नावं आणि नुसते पाय उरले. बाहेर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडायची असं सगळे सांगतात. लेख वाचायला अभ्यासक लागतो. पायऱ्या मात्र कुणीही वाचाव्यात. दोन हजार वर्षांच्या खुरांनी आणि टाचांनी कातळ मधोमध असा खोलगट झालाय की पावसाळ्यात त्यातून पाणी ओघळीने येतं.

माझ्या कामाची गोष्ट इथे येते. आमच्या डोंगरांत वाटा दोन जातीच्या. एक माणसाची, निसणीची: सरळ वर, हाताने धरत, गरज पडली तर शिडी लावून. दुसरी बैलाची. पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लादलेला बैल सरळ चढत नाही, त्याला वळण लागतं, पाय टेकायला सपाटी लागते, आणि समोरून दुसरा बैल आला तर गोणी घासू नये इतकी रुंदी लागते. लमाणांचे तांडे कोकणातलं मीठ वर न्यायचे आणि धान्य खाली आणायचे ते अशाच वाटांनी. लादलेल्या बैलाला जो चढ झेपतो, साधारण तोच चढ गिअरच्या सायकलला झेपतो. म्हणून शहरातलं कुणी नकाशा घेऊन आलं की मी आधी विचारतो, इथून बैल जायचे का? जायचे, तर टायर जाईल. चोंढ्याहून घाटघरला चढणारी वाट, डोळखांब-डेहणे पट्ट्यातल्या जंगलखात्याच्या कूपांच्या गाडीवाटा, म्हशाच्या बाजाराकडे येणाऱ्या बैलवाटा, सगळ्यांना हाच निकष. नाणेघाट स्वतः याला अपवाद. त्या पायऱ्यांवर सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. चालवायचीच हौस असेल तर जुन्नरकडून तिथल्या दुसऱ्या घाटघरमार्गे डांबरीने माथ्यापर्यंत जावं.

म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. मुरबाड तालुक्यातलं हे गाव एरवी शांत, पण त्या दिवसांत बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार लागतो. आता जनावरं टेम्पोतून येतात, पूर्वी पायी यायची. जत्रेआधी आठवडाभर वाटा आपोआप साफ व्हायच्या, कारण शेकडो खुरं त्या तुडवत जायची. खूर बंद झाले तशा घाणेरीने वाटा गिळल्या.

या वाटांवर पहिला घाव रेल्वेचा. १८५३ला गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला, आणि १८६५ला थळघाट चढून इगतपुरीला पोचली. तो चढ सदतिसास एक, आजही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मीठ वाघिणीत गेलं आणि तांड्यांचं काम संपलं. पण आमच्याकडे दुसरा घाव मोठा, तो पाण्याचा. मुंबईला पाणी हवं म्हणून तानसा १८९२ला झालं, मग वैतरणा, मग आमचं भातसा. १९८३ला धरण पुरं झालं आणि नदीकाठच्या जुन्या वाटा जलाशयाखाली गेल्या. मुंबई आज जवळजवळ निम्मं पाणी इथलं पिते. धरणातून नदीत सोडतात, पिसे इथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात. आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. विषय वेगळा आहे, पण इथला माणूस धरणावर लिहायला बसला की हे लिहिल्याशिवाय राहत नाही.

धरणाने वाटा बुडवल्या तशा नव्याही दिल्या. कालव्याचा सेवारस्ता म्हणजे दादांची सायकलवाट. सपाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. नवशिक्यांना मी आधी अशाच रस्त्यांवर पाठवतो.

इंग्लंडातल्या चुनखडीच्या डोंगरांतही मालाच्या जुन्या वाटाच सायकलवाटा झाल्या. तिथे ओझ्याच्या घोड्यांच्या वाटा होत्या, शिसं आणि मीठ वाहणाऱ्या. चुनखडी पाणी पिते, वाट लवकर सुकते. आमचा बेसाल्ट पाणी पीत नाही. जून ते सप्टेंबर वाट म्हणजे ओढा, आणि ऑक्टोबरातही शेवाळावर टायर टिकत नाही. दसऱ्याआधी कातळवाटेला लागू नका, हे मी प्रत्येकाला बजावतो. पण खरा फरक दगडाचा नाही, कायद्याचा आहे. तिथे १९६८च्या कायद्याने घोडवाटांवर सायकल चालवायचा हक्क दिला. जमीन कुणाचीही असो, वाट सगळ्यांची.

आमच्याकडे हक्क नाहीत असं नाही, ते कागदात झोपलेत. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा मिळतो. त्यावर एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. लमाणांच्या कितीतरी वाटा या तुटक रेघांत जिवंत आहेत. जमिनीवर मात्र गेल्या काही वर्षांत फार्महाऊसांची कुंपणं आलीत. किन्हवलीच्या बाजूला एका गाडीमार्गावर मी लोखंडी फाटक बघितलं, आत सिमेंटची बदकं मांडलेली. आजूबाजूचे शेतकरी बैल घेऊन लांबून वळसा मारतात. सायकलवाले तर नुसते पाहुणे, ते फाटकाचा फोटो काढतात आणि परत फिरतात.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या माणसांना एवढंच सांगणं आहे. सायकलचा ट्रॅक बांधून द्या म्हणून निधी मागण्याआधी आपल्या गावचा नकाशा काढा. तुटक रेघा बघा आणि म्हाताऱ्यांना सोबत घेऊन त्यावरून एकदा चाला. जी वाट वापरात आहे तिची नोंद ग्रामसभेच्या ठरावात घ्या. शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.