मालवणच्या समुद्रतळाशी : पर्यटक, प्रवाळ आणि जलचर

छत्रपती संभाजीनगर : विशेष प्रतिनिधी

दिवाळी आणि नाताळच्या सुट्यांत मराठवाड्यातून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांच्या बेतात किल्ला, समुद्रकिनारा आणि माशांचे जेवण यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत स्कुबा डायव्हिंगची भर पडली आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळाशी जायचे, रंगीत माशांच्या थव्यात काही मिनिटे घालवायची आणि त्याचे छायाचित्र घेऊन परतायचे, असा हा कार्यक्रम. त्यासाठी अंदमान किंवा लक्षद्वीप गाठण्याची गरज आता राहिलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथे ही सोय उपलब्ध आहे. मात्र ज्या पाण्यात ही डुबकी मारली जाते, ते राज्यातील सागरी अभयारण्य आहे, याची कल्पना अनेक पर्यटकांना नसते.

पाण्याखालचे अभयारण्य

मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. पायाभरणीच्या पूजेशी जोडला जाणारा 'मोरयाचा धोंडा' आजही किनाऱ्यावर पाहायला मिळतो. जवळच पद्मगड हे छोटे बेट आहे. ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्याकडून तेथे चालत जाता येते. या दोन बेटांभोवती पाण्यात बुडालेले असंख्य खडक आहेत. शत्रूच्या गलबतांना अडविणारे हेच खडक प्रवाळांना आणि माशांना आसरा देतात.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर आहे. पैकी ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा विभाग असून त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर, पद्मगड आणि बुडालेले खडक येतात. मराठवाड्यातील वाचकांना ओळखीचे उदाहरण द्यायचे, तर पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि त्याचा विस्तार सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे. त्या मानाने मालवणचे अभयारण्य अगदी लहान. पण पक्षी दुर्बिणीतून दुरून पाहता येतात. येथे पाहुणा थेट जलचरांच्या घरातच उतरतो.

अभयारण्याची घोषणा झाली तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी तिला विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर रापण आणि छोट्या होड्यांची मासेमारी चालली, तेथे बंधने येतील ही त्यांची भीती होती. हा प्रश्न दीर्घकाळ धुमसत राहिला. स्कुबा डायव्हिंगच्या निमित्ताने त्याला एक नवे वळण मिळाले.

मच्छीमारांच्या हाती नवा व्यवसाय

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साह्याने २०११ नंतर सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबविण्यात आला. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला व त्याने या कामात पुढाकार घेतला. स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग व स्कुबाचे शिक्षण देणे, खेकडा आणि कालव पालन, कांदळवनांतील होडीफेरी असे पर्याय त्यातून पुढे आले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर हे त्याचे ठळक उदाहरण होय. समुद्रजीव अभ्यासक डॉ. सारंग कुलकर्णी यांनी स्कुबा प्रशिक्षणाच्या कामात मोठा वाटा उचलला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कुबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षणाची संस्थाही उभारली.

खडक कोठे आहे, प्रवाह कोणत्या वेळी फिरतो आणि कोणता मासा कोणत्या कपारीत दडतो, हे मच्छीमाराच्या मुलाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच हा व्यवसाय येथे लवकर रुजला. मासा पकडून एकदाच विकता येतो, पण जिवंत मासा रोज नव्या पाहुण्याला दाखविता येतो, हे त्यामागचे गणित आहे. अर्थात मासा आणि त्याचे घर शाबूत राहिले तरच ते जुळते.

पाण्याखाली श्वास कसा चालतो

फ्रान्सचे जाक इव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये विकसित केलेल्या 'ॲक्वालंग' या उपकरणापासून आधुनिक स्कुबाची सुरुवात मानली जाते. टाकीत दाबाखाली भरलेली साधी हवा असते, शुद्ध ऑक्सिजन नव्हे. रेग्युलेटर नावाचे उपकरण ही हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून तोंडावाटे पुरवते. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो.

खाली जाताना कानात दडे बसतात ते या दाबामुळेच. नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडली की कान मोकळे होतात. वर येताना नियम आणखी कडक आहे. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसात घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि रोखलेल्या श्वासामुळे फुप्फुसाला इजा होऊ शकते.

पाण्याखाली डोळेही फसतात. मुखवट्याच्या काचेतून वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या आणि जवळ भासतात. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच फिका पडतो. ध्वनी पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्यामुळे बोटीच्या यंत्राचा आवाज कोणत्या दिशेने येतो, ते कळत नाही.

कोण भेटते?

मालवणच्या खडकांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे 'सार्जंट मेजर' मासे मोठ्या संख्येने दिसतात. फुलपाखरू मासे, पोपटासारखी चोच असलेले पॅरट फिश, गोब्रा आणि तांबोशी यांचीही भेट होते. कपारीतून डोके बाहेर काढणारी वाम, वाळूत अंग झाकून बसलेले पाकट, समुद्री काकडी आणि काटेरी समुद्री साळिंदर हे येथले इतर रहिवासी. टर्बिनारिया, गोनिओपोरा, फेविटिस या कठीण प्रवाळांच्या नोंदी येथे झालेल्या आहेत.

प्रवाळ दगडासारखा दिसला, तरी तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. त्यांच्या शरीरात राहणारी शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळांचे पोषण करतात. अनेक कठीण प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे एका निष्काळजी पावलाने तुटणारा वीतभर तुकडा घडायला दोन दशके लागलेली असू शकतात.

पाण्यावरच्या जगातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. किनाऱ्यालगत कुबड असलेल्या डॉल्फिनचे कळप वावरतात. सिंधुदुर्गातील वायंगणी, तांबळडेग यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांतील गुहांत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा अरबी समुद्रात आढळतो. पण तो डुबकीच्या ठिकाणी दिसेलच, अशी हमी कोणी देत असेल तर तिच्यावर विसंबू नये.

पाव-बिस्किटांचा मोह

छायाचित्रात पर्यटकाभोवती माशांचे कडे दिसावे, यासाठी पाण्यात पाव किंवा बिस्किटांचा चुरा टाकण्याची रीत अनेक स्कुबा केंद्रांवर पडली आहे. पाहुण्याला त्यात आनंद वाटतो. माशांचे मात्र नुकसान होते. खडकावरील शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे आयत्या अन्नाच्या मागे लागतात, आक्रमक जातींची संख्या वाढते आणि लाजाळू मासे दूर जातात. माणसाच्या हाताकडे अन्नाच्या आशेने पाहण्याची सवय लागलेला मोठा मासा बोटालाही चावा घेऊ शकतो.

हात लावण्याचा मोह तर त्याहून वाईट. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे संरक्षक कवच असते, ते हाताने पुसले जाते. माणसालाही धोका आहेच. लायन फिश आणि दगड मासा यांचे काटे विषारी असतात. काटा लागल्यास ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि तातडीने डॉक्टर गाठावा. जेली फिशचा स्पर्श झाल्यास ती जागा चोळू नये, समुद्राच्या पाण्याने धुवावी. या दुखापतींचे कारण बहुतेक वेळा जलचराचा हल्ला हे नसते. माणसाने न पाहता ठेवलेला हात किंवा पाय त्याला कारणीभूत असतो.

प्रवाळांवरील घाव

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवण अभयारण्यात मनोरंजनासाठीच्या स्कुबा डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध केला. प्रवाळांवर उभे राहणे, त्यांना धरून तोल सावरणे आणि पायातील पंखांचे फटकारे बसणे ही अशा मोडतोडीची नेहमीची कारणे आहेत. होडीचा नांगर थेट खडकावर टाकला, तर एका क्षणात मोठी हानी होते. यावर उपाय अवघड नाही. ठरावीक जागी कायमचे तरंगते बोये बसवून होड्या त्यांना बांधल्या, तर नांगर टाकण्याची गरजच उरत नाही. एका ठिकाणी एका वेळी किती पर्यटक उतरवायचे, याची मर्यादा पाळणे हा दुसरा उपाय.

दुसरे संकट समुद्राच्या तापण्याचे आहे. पाणी दीर्घकाळ नेहमीपेक्षा उष्ण राहिले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मालवणमध्येही असे विरंजन नोंदविले गेले आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा झाली. तापमान मालवणच्या हातात नाही, पण आधीच आजारी असलेल्या प्रवाळांवर पाय न ठेवणे निश्चितच हातात आहे.

कायद्याची बाजूही पाहुण्यांनी समजून घ्यावी. व्हेल शार्क, समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडा पिशवीत टाकणे हा गुन्हा आहे. दुसरीकडे, जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये आणली.

सुरक्षिततेचा धडा

२४ मे २०२२ रोजी स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीच्या समुद्रात उलटली आणि दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. दुर्घटना पाण्याखाली घडली नव्हती, परतीच्या प्रवासात घडली होती. स्कुबात लक्ष टाकीकडे आणि मुखवट्याकडे असते. पण बोटीची क्षमता, जीवरक्षक जाकिटे आणि हवामान यांकडे पर्यटकाचे लक्ष जात नाही. बोट खचाखच भरलेली असेल, तर उतरून दुसऱ्या फेरीची वाट पाहण्यात कमीपणा मानू नये.

जाण्यापूर्वी लक्षात ठेवा

प्रवास : छत्रपती संभाजीनगरहून पुणे, कोल्हापूर, गगनबावडा मार्गे मालवण साधारण सहाशे किलोमीटर आहे. रेल्वेने मुंबई गाठून कोकण रेल्वेच्या कणकवली किंवा कुडाळ स्थानकावर उतरता येते.

हंगाम : पावसाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, जलक्रीडा बंद असतात. पावसाचा गाळ खाली बसल्यानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी तुलनेने स्वच्छ असते.

प्रकृती : दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचा आजार, गर्भावस्था किंवा नुसती सर्दी असली तरी डॉक्टरांच्या सल्ल्याविना उतरू नये. मद्यपान करून मुळीच उतरू नये. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था समुद्रातील स्कुबासाठी किमान वय दहा वर्षे मानतात.

पोहणे : पहिल्या डुबकीत प्रशिक्षक सतत सोबत असल्याने पोहता आलेच पाहिजे, अशी अट नसते. तरीही शहरातील तलावात पाण्याची भीती घालवून गेलेल्या व्यक्तीला ही डुबकी सोपी जाते.

परतताना : एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. खोल किंवा वारंवार डुबक्या घेतलेल्यांनी घाट चढण्याचीही घाई करू नये.

विचारण्याचे प्रश्न : प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे काय, एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक असतात, बोटीवर प्राथमिक उपचाराची आणि ऑक्सिजनची सोय आहे काय, विमा आहे काय.

पुढील दिशा

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही नौका निवती रॉकच्या परिसरात समुद्रतळाशी ठेवून तेथे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला. बुडालेल्या नौकेवर प्रवाळ आणि मासे वस्ती करतात, हा जगभरचा अनुभव आहे. अशा जागेमुळे नैसर्गिक खडकांवरील गर्दी काही प्रमाणात विभागली जाऊ शकते. किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरील, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या प्रवाळसमृद्ध पठाराचे २०१९ मध्ये सर्वेक्षण झाले आणि त्याच्या संरक्षणाची चर्चाही सुरू झाली.

नवी ठिकाणे येतील, तरी मालवणचा छोटासा गाभा विभाग दुसऱ्यांदा तयार होणार नाही. तेथे उतरणाऱ्या पाहुण्याने काही खायला घालू नये, कशाला हात लावू नये आणि काही उचलून आणू नये. हे तीन नियम पाळायला खर्च येत नाही. ते पाळले गेले, तर मच्छीमारांच्या पुढच्या पिढीला दाखविण्यासाठी मासे उरतील आणि मराठवाड्यातून जाणाऱ्या पुढच्या पिढीला पाहण्यासाठी प्रवाळ.