एन्डोथेलियल सेल लाइन : निवड

रक्तवाहिनीच्या आतून पेशींचा एकपदरी थर असतो, तो एन्डोथेलियम. वाहिनी किती आकुंचावी, रक्त कुठे गोठावे, पांढऱ्या पेशी कुठून बाहेर पडाव्यात, हे बऱ्याच अंशी हाच थर ठरवतो. मधुमेह आणि धमनीकाठिण्य यांतला बिघाड अनेकदा येथूनच सुरू होतो. म्हणून अभ्यासासाठी पेशी निवडताना फ्रीजरमध्ये काय पडले आहे हे पाहू नये. प्रश्न कोणत्या वाहिनीचा आहे ते आधी ठरवावे.

सर्वांत विश्वासाच्या पेशी नाळेतून मिळतात. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. शिरेत कोलॅजनेज भरून तिच्या आतल्या पेशी सोडवायची रीत जॅफे व सहकाऱ्यांनी 1973 मध्ये मांडली. या पेशींना ‘ह्यूव्हेक’ म्हणतात. दर्यापूर-अकोल्याकडच्या संशोधकालाही प्रसूतिगृहाची साथ, आईची लेखी संमती आणि नीतिसमितीची मान्यता मिळाली की हा मार्ग मोकळा आहे. मात्र या पेशी थोड्याच पॅसेजपर्यंत गुण टिकवतात, प्रत्येक नाळेच्या पेशी वेगळ्या वागतात आणि त्या गर्भाच्या शिरेच्या असतात. प्रौढ धमनीच्या आजारासाठी महाधमनीच्या किंवा हृदयधमनीच्या प्राथमिक पेशी अधिक योग्य.

रोज एकसारख्या पेशी हव्या असतील तर ईए.एचवाय926 घेतात. ही 1983 ची संकरित लाइन. ह्यूव्हेकचा संयोग ए549 या फुप्फुसाच्या कर्करोगपेशींशी घडवून ती तयार झाली. ती वॉन विलेब्रांड घटक बनवते, पण कर्करोगाचा वारसा तिच्यात आहेच; पेशीविभाजन किंवा चयापचय तपासताना एकट्या तिच्यावर विसंबणे मला पटत नाही. त्वचेच्या सूक्ष्मवाहिन्यांसाठी एचएमईसी-1 (1992), मेंदूच्या वाहिन्यांसाठी एचसीएमईसी/डी3 (2005). दुसरीने बनवलेला रक्त-मेंदू अडसर जिवंत मेंदूतल्यापेक्षा बराच सैल असतो.

ईसीव्ही304 चे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. नाळेच्या शिरेतल्या पेशी आपोआप अमर झाल्या असा दावा 1990 मध्ये जपानमधून झाला. पेशी मॅट्रिजेलवर नळीसारख्या रचनाही करत, त्यामुळे शंका आली नाही. 1999 मध्ये डीएनए तपासणीने दाखवले की ही मूत्राशयाच्या कर्करोगाची टी24 लाइन आहे. त्यानंतरही तिच्यावर रक्तवाहिन्यांचे लेख छापले जात राहिले. तेव्हा नळी बनणे हा पुरावा मानू नये; सीडी31, व्हीई-कॅडहेरिन, वॉन विलेब्रांड घटक आणि एसटीआर ओळख, चारही पाहावेत.

महाराष्ट्रात पेशीसंवर्धनाची परंपरा जुनी आहे. कमल रणदिवे (1917–2001) यांनी हेला लाइन घडवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याकडे जॉन्स हॉपकिन्समध्ये काम केले आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभर सेल लाइन पुरवते.

प्रयोगाची मांडणीही निवडीइतकीच महत्त्वाची. मधुमेहासाठी 5.5 आणि 25 मिलिमोलर ग्लुकोजची तुलना करताना मॅनिटॉलची जोड हवी, नाहीतर साखरेचा परिणाम की नुसत्या परासरणदाबाचा, हे कळत नाही. धमनीतल्या पेशींवर प्रवाहाचा प्रति चौरस सेंटिमीटर साधारण 10 ते 20 डाइन ताण असतो; स्थिर ताटलीत तो नसतो.

वऱ्हाडात एप्रिल-मेच्या उन्हात वाढत्या पेशींचे फ्लास्क मागवणे टाळावे. पार्सल आल्यावर मायकोप्लाझ्मा तपासून लगेच कमी पॅसेजच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवाव्यात.