स्पर्शाकडून शब्दाकडे : दूरस्थ भौतिकोपचाराचे शिक्षण आणि भरवेलीची सीमाभाषा

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील बालाघाट शहराजवळचे भरवेली हे मँगनीज खाणीचे गाव आहे. येथील मॉईल कंपनीची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. कंपनीचे मुख्यालय मात्र नागपुरात आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट व नागपूर एकाच राज्यात होते. पुढे मध्ये सीमा आली, तरी उपचारासाठी गोंदिया-नागपूरकडे जाणारी वाट बंद झाली नाही.

कंबर, गुडघा किंवा खांद्याचे दुखणे एका भेटीत बरे होत नाही. भौतिकोपचार अर्थात फिजिओथेरपी आठवडेच्या आठवडे चालते आणि प्रत्येक फेरीत गाडीभाडे व दिवसाची मजुरी जाते. अनेकांचा उपचार म्हणूनच अर्ध्यावर सुटतो. दूरध्वनी व चित्रसंवादाद्वारे दिलेली सेवा येथे उपयोगी पडू शकते. प्रश्न असा की, नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला भौतिकोपचारतज्ज्ञ तिच्यासाठी तयार असतो काय?

हातांची विद्या

या शास्त्राची जडणघडण स्पर्शातून झाली आहे. इब्न सीनाच्या ‘अल्-कानून’मध्ये दलक म्हणजे मर्दन आणि रियाज़त म्हणजे व्यायाम यांचे विवेचन आहे. आधुनिक काळात १८१३ साली स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामशास्त्राची संस्था स्थापन केली. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मर्दन करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना उभारली. भारतात पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली.

या सर्व परंपरेत विद्यार्थी स्नायू चाचपून ओळखायला आणि सांधा हाताने हलवून पाहायला शिकला. रुग्णाचे बोलणे त्याला पूरक होते, पण अंतिम खात्री हातच देत असे.

२०२० चा धक्का

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हा हातच काढून घेतला गेला. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे आली, पण ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी होती. भौतिकोपचारासह अनेक संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. थोडक्यात, सेवा आधी सुरू झाली आणि तिच्या शिक्षणाचा विचार मागून आला.

एकच शब्द, दोन अर्थ

दूरस्थ सेवेत रुग्णाचा शब्द हाच तपासणीचा पहिला आधार असतो. ‘चमक’ हालचालीसरशी येते, ‘ठणका’ स्वस्थ बसले तरी जाणवतो, तर ‘मुंग्या’ नसेकडे लक्ष वेधतात. हे भेद नेमके विचारावे लागतात.

बालाघाट जिल्ह्यात हिंदी, पोवारी, मराठी व गोंडी शेजारी शेजारी नांदतात. तेथे अडचण अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांची अधिक आहे. नागपूरच्या तरुण तज्ज्ञाने ‘पाय बधिर झाला का?’ असे विचारले, तर हिंदीभाषक गोंधळेल, कारण त्याच्या भाषेत बधिर म्हणजे बहिरा. तो पायाला ‘सुन्न’ म्हणतो. मराठीत सुन्न होते ते बहुधा मन. हिंदीतील ‘पीठ’ मराठीत दळणाचे होते. सर्वांत धोक्याचा शब्द ‘जांघ’. हिंदीत तो मांडीसाठी आहे, मराठीत मांडी आणि ओटीपोट यांच्यामधल्या सांध्यासाठी. खुब्याच्या सांध्याचे दुखणे पुष्कळदा याच मराठी जांघेत जाणवते. येथे शब्द चुकला तर तपासणीची दिशाच चुकते.

प्रशिक्षणाची दिशा

म्हणून आंतरवासितेच्या काळातच काही गोष्टींचा सराव झाला पाहिजे. पहिली, ‘बोट ठेवून दाखवा’ असे सांगण्याची. नावापेक्षा बोट अधिक खरे बोलते. दुसरी, भ्रमणध्वनी कोठे ठेवायचा, बाजूने कसे उभे राहायचे, खुर्ची भिंतीला का टेकवायची आणि तोल जाणाऱ्या रुग्णाजवळ घरातील कोणी का असावे, हे साध्या भाषेत सांगण्याची. तिसरी, सांगितलेला व्यायाम रुग्णाकडून करवून घेण्याची. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर संकोचानेही येते.

चौथी गोष्ट मर्यादा ओळखण्याची. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, बैठकीच्या जागेची संवेदना हरपली अथवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी झाली, तर पडद्यावर उपचार चालू ठेवणे घातक आहे. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवले पाहिजे. लघवीसंबंधीचा प्रश्न विचारण्यास तरुण तज्ज्ञ लाजतो. स्त्री रुग्णाजवळ घरचे पुरुष बसलेले असतील, तर तीही उत्तर देत नाही. तेव्हा एकांत मागणे, स्त्री तज्ज्ञाची सोय पाहणे आणि प्रश्न सभ्य पण स्पष्ट शब्दांत विचारणे, हेही शिकवावे लागेल.

निष्कर्ष

यंत्र आणि जोडणी हळूहळू सर्वत्र पोहोचेल. परंतु पदवीचे शिक्षण इंग्रजीतून, रुग्णाची वेदना पोवारीतून आणि संभाषण मोडक्या हिंदीतून, ही दरी यंत्राने भरून निघणार नाही. भौतिकोपचाराच्या महाविद्यालयांनी भाषेच्या अध्यापकांना सोबत घेऊन सीमाभागासाठी वेदनेच्या शब्दांचा छोटा कोश तयार करावा आणि त्यावर प्रात्यक्षिक परीक्षा ठेवावी. ज्या विद्येने सात दशके हातांना वळण लावले, तिने आता कान आणि जीभ यांनाही वळण लावणे अगत्याचे आहे. भरवेलीसारख्या गावातील रुग्णाचा उपचार पुरा होणे बऱ्याच अंशी यावर अवलंबून राहील.