कुर्ल्याची दोन दुखणी

साष्टी बेटाच्या दक्षिण सीमेवर, मिठी नदीच्या खाजणाला लागून वसलेले मौजे कुर्ला हे ईस्ट इंडिया कंपनीने 1808 साली, मुंबईतील अपोलो बंदराजवळच्या जमिनीच्या मोबदल्यात, होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्यास आसपासच्या गावांसह लिहून दिले, तेव्हा दफ्तरातील त्याचे मोल साऱ्याच्या आकड्यांपलीकडे फारसे गेले नसावे. परंतु 1853 साली ठाण्याची आगगाडी याच वाटेने धावू लागली, 1886 साली जमशेटजी टाटांनी येथील धरमसी गिरणी खरीदून तिचे ‘स्वदेशी’ असे नामकरण केले, आणि कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांच्या जुन्या वस्तीशेजारी कोकणातून नि घाटावरून आलेल्या कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. एका गाळ्यात पाळीपाळीने निजणारी माणसे, कताईखात्यातील तंतूंनी भरलेली हवा आणि खाणावळीचे बेताचे अन्न यांत क्षयाला आवतण देण्याची गरजच नव्हती.

त्या काळी मधुमेह मात्र गादीतक्क्यावर बसणाऱ्यांचा, सावकार-वकिलांचा रोग समजला जाई. क्षय गरिबाचा आणि मधुमेह श्रीमंताचा, ही वाटणी समाजाला इतकी सोयीची वाटली की पुढे तिलाच इतिहासाचे रूप देऊन, गिरण्यांचा काळ जंतूंचा व त्यानंतरचा काळ साखरेचा, असे सांगण्याची रीत पडली. माझ्या मते ही मांडणी निसर्गाला मान्य नाही. ही दोन्ही दुखणी एकाच देहात बिऱ्हाड करतात, आणि एकाने दुसऱ्याला दार उघडून द्यावे असा त्यांचा जुना घरोबा आहे.

मधुमेह आणि संसर्ग यांचा हा घरोबा आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाच्या उपेक्षेतून उद्भवणाऱ्या सात पिडका, म्हणजे गळवे, चरकाने सांगितल्या आहेत. त्यांतील ‘विनता’ ही पाठीवर किंवा पोटावर उठणारी, मोठी, निळसर, खोल वेदना देणारी व स्रवणारी आहे. हे वर्णन वाचताना, ज्या काळपुळीवर आपल्या आज्या जवसाचे पोटीस बांधीत आणि जिच्या धसक्याने घर मुके होई, तीच डोळ्यांसमोर येते. लोकमान्य टिळकांनाही मधुमेह जडलेला होता. मंडालेच्या कारावासातही तो त्यांच्या सोबतीला होता, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईच्या सरदारगृहात न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. या मृत्यूचे खापर एकट्या मधुमेहाच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. तथापि इन्सुलिनचा रुग्णावरील पहिला प्रयोग टोरांटो येथे 1922 च्या जानेवारीत झाला आणि पेनिसिलिन त्याहूनही बरेच उशिरा हाती आले, हा कालक्रम मनातून जात नाही.

देहाच्या आत नेमके काय बिघडते, हे कळण्यास जीवशास्त्रज्ञ मेच्निकोफ यांचे संशोधन कारणी लागले. 1882 साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा रोवून त्यांनी त्याभोवती जमणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या, आणि त्या वाटेने पुढे केलेल्या कार्याबद्दल 1908 चे नोबेल पारितोषिक एर्लिक यांच्यासमवेत त्यांना मिळाले. रक्तातील या पहारेकऱ्यांना जंतूचा सुगावा लागताच रक्तवाहिनीची भिंत ओलांडून, जागेवर पोहोचून, त्याला गिळून, प्राणवायूपासून बनवलेल्या दाहक द्रव्यांनी जाळावे लागते; परंतु रक्तातील साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की पेशी ती साखर सॉर्बिटॉलमध्ये पालटू लागते आणि त्या खटाटोपात एनएडीपीएच हे द्रव्य खर्ची पडते, ज्यावाचून ती दाहक द्रव्ये तयारच होत नाहीत. धाव मंदावते, गिळणे अपुरे राहते, आणि गिळलेला जंतूही सुखाने जगतो. क्षयाच्या बाबतीत याहून चमत्कारिक प्रकार मधुमेही उंदरांवरील प्रयोगांत दिसला: फुप्फुसातील भक्षक पेशींकडून लसीकाग्रंथींपर्यंत जंतूची वर्दीच उशिरा पोहोचते, आणि फौज निघेतोवर जंतूंची संख्या बेसुमार वाढलेली असते. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, त्यामागे हा विलंबही असावा.

आता पुन्हा कुर्ल्याकडे वळू. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरण्यांचा कणा मोडला, आणि पुढे स्वदेशीचे भोंगेही थांबले. साच्यावर उभे राहून घाम गाळणाऱ्यांची मुले-नातवंडे आता टेबलाशी, गल्ल्याशी किंवा रिक्षाच्या आसनावर दिवस काढतात. मधुमेहाने गादीतक्के सोडून दहा बाय दहाच्या खोल्यांत मुक्काम केला आहे, आणि खोल्या तेवढ्याच कोंदट राहिल्यामुळे क्षयानेही आपली जागा सोडलेली नाही. श्रमाची झीज गेली आणि दाटी राहिली, हा व्यवहार कुर्ल्याला महागात पडला.

सरकारी क्षयनिर्मूलन कार्यक्रमात आता प्रत्येक क्षयरुग्णाच्या रक्तातील साखर तपासण्याचा दंडक आहे. त्यातही एक मेख आहे: क्षयाचा ताप स्वतःच साखर चढवतो, म्हणून आरंभीच्या आकड्यावरून कोणाला जन्माचा मधुमेही न ठरवता, उपचार अंगी लागल्यावर तीच तपासणी पुन्हा करावी लागते.