रायफल काडतुसांचे पुनर्भरण

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा मापात आणून तीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), धूरहीन दारू आणि गोळी बसवण्याची क्रिया. काडतुसाच्या या चार घटकांपैकी पुंगळी सर्वांत महाग, आणि पुन्हा वापरता येते ती तेवढीच. खर्चातली बचत आणि आपल्या रायफलीला अचूक जुळणारे काडतूस, ही पुनर्भरणाची दोन मुख्य कारणे. अमेरिकेत हा छंद विशेष रुजला आहे.

इतिहास : 1870 च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील बायसनचे शिकारी तळावरच काडतुसे भरत. जॉन बार्लो यांनी 1884 मध्ये न्यू हेवन येथे आयडियल कंपनी स्थापन केली; तिची हातात मावणारी पुनर्भरण-अवजारे लोकप्रिय झाली. 1958 मध्ये रिचर्ड ली यांनी ‘ली लोडर’ हा लहानसा संच तयार केला. तो आधी छऱ्यांच्या काडतुसांसाठी होता. पुढे रायफलसाठीही निघाला.

योग्य पुंगळी : बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे जुना प्रायमर पिनेने सहज निघतो. बर्डन पद्धतीत बहुधा दोन लहान छिद्रे असल्याने हे काम अवघड होते. .22 रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण तळाच्या कडेतच असते. त्याचे पुनर्भरण व्यवहार्य नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या 50 मीटर रायफल प्रकारात हीच काडतुसे वापरतात.

साहित्य : प्रेस, काडतुसाच्या कॅलिबरचे डाय (साचे), शेल होल्डर (पुंगळीचा तळ धरणारी पकड), 0.1 ग्रेनपर्यंत अचूक तराजू, कॅलिपर, पुंगळी कापण्याचे अवजार आणि चालू आवृत्तीची भरण-पुस्तिका. (1 ग्रेन = सुमारे 64.8 मिलिग्रॅम.) ली लोडरमध्ये प्रेसऐवजी हातोडीचे ठोके वापरतात, मात्र तो पुंगळीची फक्त मान मापात आणतो, म्हणून पुंगळी ज्या रायफलीतून झाडली तिच्यासाठीच भरावी लागते.

कृती : पुंगळ्या साफ करून तपासतात; भेगा किंवा तळाजवळ चकाकणारे कडे दिसल्यास ती पुंगळी बाद. संपूर्ण पुंगळी मापात आणायची असेल, तर वंगण आवश्यक. अन्यथा ती डायमध्ये अडकते. डायमध्ये दाबताना जुना प्रायमर निघतो. झाडल्याने लांबलेली पुंगळी कापून कडा घासतात. नंतर नवा प्रायमर, तोललेली दारू आणि शेवटी ठरावीक खोलीवर गोळी बसवतात.

दक्षता : साधने थोडी असली तरी चालते, शिस्त थोडी चालत नाही. दारूचा प्रकार व वजन पुस्तिकेप्रमाणेच घ्यावे, सुरुवात किमान मात्रेपासून करावी आणि दाबाची लक्षणे पाहत थोडे थोडे वाढवावे. पिस्तुलाची जलद जळणारी दारू रायफलीत भरली, किंवा एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, तर रायफल फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवावा, गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून पाहावे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

कायदा : भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. त्यामुळे परवानाधारक नेमबाजानेही घरी काडतुसे भरू नयेत.