आंबील, जटायू आणि बांध

१९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील कुणब्याने मार्गशीर्षातील वेळा अमावास्येचा शेतसण अखंड राखला: ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभारून, तीत पाच दगडांचे पांडव मांडून, भज्जी-आंबिलाचा नैवेद्य दाखवून तीच आंबील तो शेतभर शिंपडतो; जमाबंदीच्या दप्तरात केवळ आकारणीस पात्र ठरलेली भूमी त्या दिवशी लेकुरवाळी होते. याच जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग क्षेत्री तर रावणाशी झुंजलेल्या जटायूची समाधी दाखवितात. अमंगळ गणल्या गेलेल्या गिधाडाच्या कुळास लोकश्रद्धेने दिलेला हा मान मला अतिशय थोर वाटतो. त्या क्षेत्राभोवतीच्या डोंगररानास १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला; परंतु बोरी-बाभळींचे बांध व गायराने, जी काळविटांची आणि तित्तिरांची खरी वतने, ती त्या सरहद्दीबाहेरच राहिली असून, त्यांचे रक्षण आजही शेतकऱ्याच्याच हाती आहे.